वाल्डॉर्फभोवती मोटारीविना : रोड सायकलचा मार्ग आखण्याची कृती

हायडेलबर्गच्या दक्षिणेला, ऱ्हाइनच्या सपाट खोऱ्यात वाल्डॉर्फ नावाचं लहान गाव आहे. वस्ती सुमारे 15,000. एसएपी या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय 1977 पासून इथे असल्यामुळे पुण्या-बंगळुरूहून आलेली मराठी मंडळी या गावात आणि शेजारच्या वीजलॉखमध्ये सहज भेटतात. त्यातली बरीचशी इथे आल्यावर चांगली रोड सायकल घेतात, दोन-तीनदा मोठ्या रस्त्यावर जातात, शंभरच्या वेगाने शेजारून जाणाऱ्या मोटारींना घाबरतात आणि सायकल तळघरात ठेवून देतात. त्यांच्यासाठी, आणि जर्मनीतल्या अशाच कुठल्याही लहान गावात राहणाऱ्यांसाठी ही कृती आहे. गाव बदललं तरी पद्धत तीच.

मोटारी नसलेला, तरीही 28 मिलिमीटरच्या टायरखाली गुळगुळीत लागणारा डांबरी रस्ता इथे भरपूर आहे. तो सायकलवाल्यांसाठी बांधलेला नाही, ट्रॅक्टरसाठी बांधलेला आहे. या भागात पूर्वी बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई, त्यामुळे शेतांच्या चिंध्या झाल्या होत्या. आपल्याकडे त्यावर 1947 मध्ये तुकडेबंदी-तुकडेजोड कायदा आला, तसा पश्चिम जर्मनीत 1953 मध्ये फ्लूरबेराइनिगुंगचा कायदा झाला. तुकडे जोडताना प्रत्येक नव्या शेतापर्यंत वाहन पोचावं म्हणून साधारण तीन मीटर रुंदीचे रस्ते काढले गेले आणि त्यातल्या कित्येकांवर डांबर किंवा काँक्रीट पडलं. त्यांना फेल्डवेग किंवा विर्टशाफ्ट्सवेग म्हणतात. आपण त्यांना शेतरस्ते म्हणू. आपला सगळा खेळ या शेतरस्त्यांवर आहे.

लागणारं साहित्य

रोड सायकल, शक्यतो 28 ते 32 मिलिमीटर टायरची. 25 चालतं, पण काँक्रीटच्या फरशांचे सांधे मनगटांना जाणवतात. पुढचा-मागचा दिवा आणि घंटी. घंटी कायद्यानेही लागते आणि शेतरस्त्यावर तिचा खरा उपयोग होतो. दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर. जीपीएक्स फाइल वाचणारं यंत्र किंवा हँडलला बांधलेला फोन. आणि पहिल्या दिवशी एक कागदी नकाशा व लाल-हिरवी पेन्सिल. कागद जुनाट वाटेल, पण पहिल्या पायरीला पडद्यापेक्षा कागद बरा, कारण सगळं गाव एका नजरेत दिसावं लागतं.

आधी भोकं शोधा, मग रस्ते

बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या टोकाकडून करतात. कुठे जायचं ते ठरवतात, ॲपला विचारतात आणि ॲप नेईल तिकडे जातात. मार्ग बिघडतो तो मधल्या शेतात नव्हे, अडथळा ओलांडण्याच्या जागी. वाल्डॉर्फ हे त्याचं उत्तम उदाहरण आहे. गावाच्या पश्चिमेला ए5 हा ऑटोबान, दक्षिणेला ए6, आणि गावालगतच या दोन्हींचा मोठा छेद. पूर्वेला ऱ्हाइन खोऱ्यातली मुख्य रेल्वे, तिच्यापलीकडे बी3 हा हमरस्ता. शिवाय होकनहाइम-श्पायरकडे जाणारा बी39 आणि श्वेत्सिंगनकडे जाणारा बी291. गाव चारी बाजूंनी रेषांनी वेढलेलं आहे.

तेव्हा पहिलं काम असं करा. घरापासून पंधरा किलोमीटरच्या आतले ऑटोबान, बुंडेसश्ट्रासे (म्हणजे बी-रस्ते) आणि रेल्वे लाल पेन्सिलने गिरवा. मग प्रत्येक लाल रेषेवरून बोट फिरवत जा आणि जिथे जिथे ती ओलांडता येते तिथे हिरवा ठिपका द्या. तीन प्रकारच्या जागा सापडतील. पहिला, शेतरस्त्याचा स्वतःचा पूल किंवा बोगदा. ऑटोबान बांधताना दोन्हीकडच्या शेतकऱ्याला आपल्या शेतात जाता यावं म्हणून तो ठेवलेला असतो. हे आपलं सोनं. दुसरा, गावाला गावाशी जोडणाऱ्या लहान रस्त्याचा पूल, ज्याच्या कडेला बहुधा वेगळा सायकलमार्ग असतो, हा चालतो. तिसरा, ऑटोबानला चढण्या-उतरण्याच्या फाट्यांची जागा. तिथे सायकलमार्ग असला तरी वळणाऱ्या मोटारींच्या तोंडावरून जावं लागतं. ह्या ठिपक्यांवर काट मारा.

बी-रस्ता त्याच पातळीवर ओलांडायचा असेल तर हवाई छायाचित्र मोठं करून पाहा. रस्त्याच्या मधोमध थांबायला बेट आहे का? दोन्हीकडे लांबवर सरळ दिसतं का? वळणाच्या किंवा चढाच्या माथ्याजवळची ओलांडणी मी मार्गात घेत नाही, मग पुढचा रस्ता कितीही सुंदर असो. एक कायदाही ध्यानात ठेवा : शेतरस्त्यावरून किंवा जंगलवाटेवरून दुसऱ्या रस्त्यावर येणाऱ्याने थांबून सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं असतं. जर्मनीत खूण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला प्राधान्य असतं, ते शेतरस्त्यावरून येणाऱ्याला मिळत नाही. पाटी असो वा नसो.

हे काम एका संध्याकाळचं आहे. ते झालं की सात-आठ हिरवे ठिपके हातात येतात आणि तुमचे पुढचे सगळे मार्ग त्यांतूनच जातात.

पृष्ठभाग ओळखणं

आता ठिपक्यांच्या मधले धागे. ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशावर शेतरस्त्यांना 'ट्रॅक' म्हणून नोंदवलेलं असतं आणि त्यांची पाच प्रतींत वर्गवारी असते. 'ग्रेड1' म्हणजे पक्का रस्ता, डांबर किंवा काँक्रीट. रोड सायकलला फक्त हाच. 'ग्रेड2' म्हणजे दाबलेली खडी. कोरड्या दिवसात अर्धा किलोमीटर निभावतं, त्यापुढे नको. नकाशाचा सायकलओएसएम हा थर उघडलात तर हा फरक रेघांवरूनच कळतो.

नोंद खरी आहे का ते हवाई छायाचित्रावर ताडून पाहा. डांबर एकसारखं राखाडी दिसतं, कडा सरळ. खडी पांढुरकी दिसते आणि कडा विरलेल्या. काही ठिकाणी दोन समांतर राखाडी पट्ट्या आणि मधे हिरवळ दिसेल : ते चाकांपुरतं घातलेलं काँक्रीट. यावर सायकल चालते, पण पट्टी अरुंद असते आणि मधल्या गवतात चाक गेलं तर काँक्रीटच्या कडेवर परत चढताना ते घसरतं. समोरून कुणी आलं तर वेग पूर्ण कमी करा, उतरा, मग बाजू द्या.

वाल्डॉर्फच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गावाच्या वायव्येला श्वेत्सिंगर हार्ट हे जंगल आहे. नकाशावर त्यातल्या सरळ वाटा मोहात पाडतात. पण ही सगळी जमीन वाळूची आहे. झांडहाउजनजवळ तर हिमयुगानंतर वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या राखीव म्हणून जपल्या आहेत. जंगलातल्या बऱ्याचशा वाटा खडीच्या आणि वाळूच्या, बारीक टायर त्यात रुततं. शिवाय बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या वनकायद्याप्रमाणे दोन मीटरपेक्षा अरुंद जंगलवाटेवर सायकल चालवायला बंदी आहे. तेव्हा जंगलाला वळसा घाला. रुंद टायरची दुसरी सायकल असेल तर गोष्ट निराळी.

पाट्या वाचणं

शेतरस्त्याच्या तोंडाशी लाल कडेची गोल पाटी दिसली की नवखा माणूस मागे वळतो. तसं करू नका, पाटीच्या पोटात काय आहे ते बघा. लाल कड्यात वर मोटरसायकल आणि खाली मोटार असेल (पाटी क्रमांक 260) तर बंदी फक्त मोटार-वाहनांना आहे. सायकलला रस्ता मोकळा, आणि आपल्याला हवा तो नेमका हाच रस्ता. खाली शेतीच्या वाहनांना सूट असल्याची छोटी पाटी असते, म्हणजे ट्रॅक्टर भेटेल.

लाल कड्यात पोट पूर्ण पांढरं असेल (क्रमांक 250) तर सगळ्याच वाहनांना बंदी आहे, सायकलसुद्धा त्यात येते. खाली सायकलचं चित्र आणि 'फ्राय' (मोकळा) असं लिहिलं असेल तरच चालवत जा; नाहीतर उतरून हाताने ढकलत न्या. 'आनलीगर फ्राय' या पाटीची सूट तिथे काम असणाऱ्यांना असते, आरपार जाणाऱ्यांना नाही.

निळ्या गोलात पांढरी सायकल, किंवा सायकल आणि पादचारी दोघे, असं दिसलं तर शेजारच्या रस्त्यावरून न जाता त्या मार्गावरूनच जाणं बंधनकारक आहे. निळ्या चौकोनात पांढरी मोटार म्हणजे फक्त वेगवान मोटार-वाहनांचा रस्ता. तिथे सायकल नेऊच नये.

आता माझी सगळ्यात लाडकी पाटी : पुढे रस्ता बंद असल्याची, निळ्या चौकोनातली. तिच्या वरच्या टोकाशी कधी कधी बारीक सायकल आणि माणूस काढलेला असतो. याचा अर्थ मोटारींसाठी रस्ता इथे संपतो, तुमच्यासाठी पुढे जातो. पुढे खांब असतो किंवा एकाआड एक दोन अडसर असतात, त्यांतून सायकल निघते. नकाशावर मोटारींसाठी बंद होणारी गल्ली दिसली की तिच्या टोकापलीकडे काय आहे ते मी नेहमी बघतो. गावातून शेतात निघण्याच्या बहुतेक चांगल्या वाटा अशाच गल्ल्यांच्या टोकाला असतात.

आखणी

आता संगणकावर बसा. मार्ग आखायला मी बीराउटर वापरतो. तो फुकट आहे, ओपनस्ट्रीटमॅपवर चालतो आणि त्यात 'फास्टबाइक' या जातीची, कमी रहदारी पसंत करणारी सेटिंग मिळते. घर हा पहिला बिंदू, घर हाच शेवटचा. मधे बिंदू टाकायचे ते गावांवर नाही, आपल्या हिरव्या ठिपक्यांवर. गावाच्या मध्यावर बिंदू टाकलात तर यंत्र तुम्हाला मुख्य रस्त्याने चर्चपर्यंत नेऊन परत आणतं. काट मारलेल्या फाट्यांवर 'नो-गो' वर्तुळ काढा, म्हणजे यंत्र तिकडे फिरकणार नाही. मग रेष डोळ्यांखालून घाला आणि जिथे ती मोठ्या रस्त्याला चिकटली आहे तिथे ओढून शेतात न्या. कोमूट या ॲपमध्ये तोच मार्ग उघडला तर डांबर किती, खडी किती याची पट्टी दिसते. खडीचा तुकडा नेमका कुठे आहे ते तिथे हेरा. शेवटी जीपीएक्स उतरवून घ्या.

बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याचा स्वतःचा सायकलमार्गांचा नकाशाही आहे आणि रस्त्यावर पांढऱ्यावर हिरव्या अक्षरांच्या बाणपाट्या आहेत. त्या गावं दाखवायला उत्तम. पण त्या मार्गांत खडी येते, कारण ते रुंद टायरच्या सहलीच्या सायकली धरून ठरवलेले असतात. त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नका.

दोन फेऱ्या

पहिली सपाट : वाल्डॉर्फ – रायलिंगन – होकनहाइम – केच – श्वेत्सिंगन – ओफ्टर्सहाइम – झांडहाउजन – वाल्डॉर्फ. साधारण 35 ते 40 किलोमीटर, चढ जवळजवळ नाहीच. ए5 दोनदा ओलांडावा लागतो, रायलिंगनकडे जाताना आणि झांडहाउजनकडे परतताना. या दोन जागा नीट निवडल्या की निम्मं काम झालं. वारा इथे बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून आधी पश्चिमेला निघावं. पाय ताजे असताना वारा छातीवर घ्यावा आणि परतीला पाठीवर. श्वेत्सिंगनच्या राजवाड्याच्या बागेत सायकल नेता येत नाही, पण दारापुढच्या चौकात कॉफीला थांबता येतं.

हा सगळा प्रदेश वाहनांच्या इतिहासाचा आहे. कार्ल ड्राइसने 12 जून 1817 रोजी आपलं दोन चाकांचं, पायांनी रेटायचं यंत्र मानहाइमहून श्वेत्सिंगनच्या दिशेने चालवत नेलं आणि परत आणलं. सायकलचा जन्म तिथला. आणि ऑगस्ट 1888 मध्ये बेर्था बेंझ नवऱ्याची मोटार घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाली, तेव्हा इंधन म्हणून लिग्रोइन तिने वीजलॉखच्या औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. ते दुकान जगातला पहिला पेट्रोलपंप म्हणून दाखवतात. वीजलॉखला गेलात तर अवश्य थांबा.

दुसरी फेरी तिकडचीच, चढाची : वाल्डॉर्फ – वीजलॉख – राउएनबेर्ग – माल्श – मिंगोल्सहाइम – क्रोनाउ – रोट – वाल्डॉर्फ. तीस-पस्तीस किलोमीटर, पण पाय पहिलीपेक्षा जास्त दुखतील. रेल्वे ओलांडली की क्राइशगाउच्या टेकड्या सुरू होतात. माती वाऱ्याने आणलेली, पिवळी, मऊ, उतारांवर द्राक्षमळे. मळ्यांतले रस्ते काँक्रीटचे, अरुंद आणि आडवळणाचे, चढ काही ठिकाणी दहा टक्क्यांच्या वर जातो. मागे मोठी चकती लावूनच जा. माल्शजवळच्या लेत्सनबेर्गवर लहानसं प्रार्थनामंदिर आहे. हवा स्वच्छ असली की तिथून ऱ्हाइनचं खोरं ओलांडून पलीकडच्या डोंगरांपर्यंत दिसतं. उतरताना मात्र दोन्ही हात ब्रेकवर : मळ्याच्या ओळींमागून ट्रॅक्टर कधी पुढे येईल सांगता येत नाही. मिंगोल्सहाइमनंतर रेल्वे पुन्हा ओलांडायची, रोटनंतर ए6, आणि घर.

पाय सराईत झाले की पहिली फेरी होकनहाइमहून श्पायरपर्यंत वाढवा. ऱ्हाइनच्या पुलापलीकडे अकराव्या शतकात बांधायला घेतलेलं विशाल कॅथीड्रल आहे, 1981 पासून जागतिक वारसा.

कधी जावं, कसं वागावं

रविवारी सकाळ सगळ्यात चांगली. शेतीची कामं बहुधा थांबलेली, मोठ्या ट्रकना रविवारी रात्री दहापर्यंत रस्त्यावर बंदी, म्हणून जे काही रस्ते ओलांडायचे तेही शांत. दुकानं मात्र बंद असतात. बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. तेवढ्यात खाणं घ्या. पाणी संपलं तर गावाच्या कबरस्तानात नळ असतो, इथले सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. 'काइन ट्रिंकवासर' असं लिहिलं असेल तर ते पाणी पिऊ नका.

ऋतूंचं गणित शेतीवर आहे. एप्रिलपासून 24 जूनपर्यंत श्वेत्सिंगनच्या आसपास श्पार्गेल म्हणजे शतावरीच्या कोंबांचा हंगाम. सकाळी शेतरस्त्यांवर मजुरांच्या गाड्या असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षतोडणी आणि मक्याची, बिटाची कापणी. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर चिखल डांबरावर येतो आणि क्राइशगाउची ती मऊ माती ओली झाली की साबणासारखी निसरडी होते. पावसानंतर दोन दिवस टेकड्यांकडे जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

हिवाळ्यातली एक अडचण नकाशात दिसत नाही. पक्ष्यांच्या विणीसाठी 1 मार्च ते 30 सप्टेंबर कुंपणाची झुडपं छाटायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे सगळी छाटणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीत होते आणि काटेरी झुडपांचे काटे रस्त्यावर पडतात. काळे, बोटाच्या पेराएवढे, डांबरावर चटकन न दिसणारे. कडेला ताज्या कापलेल्या फांद्यांचा ढीग दिसला की रस्त्याच्या मधून हळू जा, तुकडा संपला की थांबून दोन्ही टायरांवरून हातमोजा घातलेला तळवा फिरवा. काटा नुकता घुसला असेल तर तो तिथेच निघतो. पुढे पाच किलोमीटर गेल्यावर ट्यूब बदलावी लागते.

आणि हे रस्ते कुणाच्या तरी कामाची जागा आहेत. ट्रॅक्टर आला तर आपण गवतात उतरायचं, त्याने नाही. कुत्रा घेऊन चाललेल्या आजीबाईंना मागून खूप अंतरावरूनच घंटी द्यायची, जवळ आल्यावर वेग चालण्याइतका करायचा, 'मॉर्गन' म्हणायचं. घोडा दिसला तर घंटी नको, बोलून कळवा. शेतरस्त्यावरच्या खड्ड्यांची, चिखलाची जबाबदारी मालकाची नसते. तिथे आपण आपल्या जोखमीवर जातो. सायकलवाल्यांनी नीट वागावं याची तीव्र इच्छा मला एवढ्यासाठी आहे की गावकऱ्यांच्या तक्रारी वाढल्या की 260 ची पाटी काढून 250 ची लागायला वेळ लागत नाही.

पहिली फेरी आणि नंतरचं काम

नवा मार्ग पहिल्यांदा एकट्याने, सावकाश, उजेडात करा. खडी निघाली, खांबांमधली फट अरुंद निघाली, पूल दुरुस्तीसाठी बंद निघाला, की थांबून फोनवर त्या जागेची खूण करा. घरी येऊन मार्ग दुरुस्त करा आणि दुसऱ्या वेळी मग मित्रांना, मुलांना बरोबर घ्या.

तिथेच थांबू नका. ओपनस्ट्रीटमॅपवर खातं उघडायला पाच मिनिटं लागतात आणि एका रस्त्याचा पृष्ठभाग दुरुस्त करायला एक. तुम्ही ज्या नकाशावर फुकट मार्ग आखलात तो असाच कुणी ना कुणी भरलेला आहे. डांबर म्हणून नोंदवलेली खडी, नोंदच नसलेला शेतरस्त्याचा पूल, नवी लागलेली पाटी : जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंत ते त्याच संध्याकाळी नकाशात भरा.